टीम चांगली आहे, फक्त हरते

बोस्टनजवळ येऊन राहिलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ उपसायला येतो आणि पहिल्या सप्टेंबरात बेसबॉलच्या टीमला सल्ला द्यायला. बर्फाला निदान फावडं लागतं. सल्ल्याला समोर एक हरणारी टीम असली की भागतं, आणि २०११ च्या सप्टेंबरात ती आम्हाला रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी टीव्हीवर घरपोच मिळत होती.

टीम म्हणजे बोस्टन रेड सॉक्स. कुणी ऐऱ्यागैऱ्यांची मोट नव्हे. त्या वर्षी जानेवारीत, अजून एकही चेंडू पडायच्या आत, इथल्या एका वर्तमानपत्रानं त्यांना ‘आजवरची सर्वोत्तम टीम’ ठरवून टाकलं होतं. कार्ल क्रॉफर्डशी सात वर्षांचा १४ कोटी २० लाख डॉलरचा करार, एड्रियन गोन्झालेझशी सात वर्षांचा १५ कोटी ४० लाखांचा. हे आकडे वाचून मला माझं तीस वर्षांचं गृहकर्ज एकदम किरकोळ वाटायला लागलं.

तर या सर्वोत्तम टीमनं सीझनची सुरुवात ओळीनं सहा सामने हरून केली. पहिल्या बारांतले दहा गेले. मग अंग झटकून उठले आणि इतके जिंकत सुटले की सप्टेंबर उजाडला तेव्हा मागच्या टॅम्पा बेपेक्षा नऊ सामन्यांनी पुढे होते. आता प्लेऑफमध्ये जायला फक्त गडगडायचं नाही, एवढंच काम उरलं होतं. त्या महिन्यात ते सात सामने जिंकले आणि वीस हरले. सप्टेंबरात नऊ सामन्यांची आघाडी हातात असताना प्लेऑफला मुकलेली टीम त्याआधीच्या इतिहासात एकही नव्हती.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला यातला खरा छळ कळायला वेळ लागतो. आपल्याकडे भारत हरला की दोन दिवस जेवण जात नाही, तिसऱ्या दिवशी कॅप्टन बदलण्यावर एकमत होतं, मग माणूस कामाला लागतो. बेसबॉलमध्ये सहा महिन्यांत १६२ सामने. कालच्या हरण्याचं दुःख करायला बसावं तर आजचा सुरू झालेला असतो.

त्या वर्षी सासू-सासरे सहा महिने आमच्याकडे होते. सासरे वीज मंडळातून निवृत्त. बेसबॉल त्यांना दोन दिवसांत समजला. नियम नव्हे, चूक कुणाची आहे ते.

“हा मॅनेजर कोण?”

“टेरी फ्रँकोना. यानंच २००४ ला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, बाबा. ८६ वर्षांनी. मग २००७ ला परत.”

“हसतो फार.”

“स्वभाव आहे त्यांचा.”

“स्वभाव घरी. एकेकाला मेमो दिला पाहिजे.”

क्रॉफर्डच्या हातून झेल सुटला, मेमो. गोन्झालेझ स्ट्राइकआउट, मेमो. अंपायरलाही एक द्यायचा होता, पण तो वेगळ्या खात्यात येतो हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. एकदा त्यांनी विचारलं, “कालचा बोलर आज दिसत नाही?”

“तो पिचर पाच दिवसांतून एकदा टाकतो. हाताला विश्रांती लागते.”

“आणि मधले चार दिवस?”

“बसतो.”

“पूर्ण पगारी?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. अशी पोस्ट अस्तित्वात असताना आपल्याला आयुष्यभर कुणी अर्जसुद्धा करू दिला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ दिसत होतं.

शेजारचे आजोबा ऐंशीच्या घरातले, जन्मापासून बोस्टनचे. त्यांचं निदान असं की एकी नाही. पूर्वी रेड सॉक्सबद्दल म्हणायचेच, सामना संपला की पंचवीस खेळाडू पंचवीस टॅक्सींतून घरी जातात. त्यांचा मूळ विश्वास मात्र शापावर होता. बेब रूथसारख्या खेळाडूला न्यूयॉर्क यांकीजना विकलं आणि शाप लागला, हे इथं लहान पोरालाही ठाऊक असतं. पियानोची गोष्ट मला आजोबांनी सांगितली. रूथनं म्हणे १९१८ साली सडबरी गावच्या तळ्यात पियानो ढकलला होता. तो वर काढून वाजवला की शाप उतरेल म्हणून २००२ साली तळ्यात खरोखर पाणबुडे उतरले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये जगातली नावाजलेली विद्यापीठं आहेत, हेही इथंच सांगून ठेवतो. पियानो काही मिळाला नाही. शाप दोन वर्षांनी आपणहून उतरला.

घरात एकच वेगळं मत होतं, बायकोचं. ती फिजिओथेरपिस्ट. पोळ्या करता करता तिनं टीव्हीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “या लॅकीचा कोपर गेलाय.”

जॉन लॅकी त्या वर्षी दर नऊ इनिंगला सहाच्या वर रन देत होता. पगारी पिचरला हे शोभत नाही. मी म्हटलं, “कोपर नाही गं, वृत्ती. चेहरा बघ कसा केलाय.”

“चेहरा काय बघतोस? हात बघ कसा धरतोय.”

“कोपर सगळ्यांनाच असतो,” बाबा म्हणाले, आणि तो विषय संपला. चेहरा, वृत्ती, एकी, शाप यांच्यावर तास तास बोलता येतं. कोपरावर दीड वाक्यात संपतं. एवढ्या तुटपुंज्या कारणावर संध्याकाळ काढायची कशी?

मग सांगलीहून आत्याचा फोन. “अरे, दृष्ट लागलीय. पेपरात आधीच सर्वोत्तम म्हणून छापलं म्हटल्यावर लागणारच. मीठमोहऱ्या ओवाळून टाका.”

प्रामाणिकपणे सांगतो, तोवर ऐकलेल्या सगळ्या कारणांत हेच सर्वांत तर्कशुद्ध होतं. २८ सप्टेंबर, सीझनचा शेवटचा दिवस, सामना बाल्टिमोरला. टॅम्पा गाठत गाठत बरोबरीला आलेलं. सासूबाईंनी मूठभर मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेतल्या आणि टीव्हीसमोर उभ्या राहिल्या.

“नेमकी कुणाची काढू?”

“पिचरची.”

“तो तर सारखा बदलतोय.”

शेवटी अख्ख्या टीव्हीवरून ओवाळलं. मधे जाहिरात लागल्यामुळे एका विमा कंपनीचीही दृष्ट निघाली. मग सगळं तव्यावर टाकलं. मिरच्या असल्या भडकल्या की बाबा मेमो, मेमो असं काहीतरी म्हणत बाल्कनीत पळाले. “ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच,” सासूबाई पदर नाकाला लावून खोकत म्हणाल्या, “टीमच तशी आहे.” हे निदान पुरतं ऐकायच्या आत छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला, त्यानं बिल्डिंगचा अलार्म उठवला, आणि दहा मिनिटांत चार मजल्यांची माणसं पायजम्यावर हिरवळीत उभी आणि लाल दिव्यांची भलीमोठी गाडी दारात.

हेल्मेटवाला सहा फुटी माणूस स्वयंपाकघरात आला. “काय जळलं?”

“मिरच्या.”

“स्वयंपाक चालला होता?”

“नाही. म्हणजे... रेड सॉक्ससाठी.”

त्यानं तव्याकडे बघितलं. सासूबाईंकडे बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “लागू पडतं का?”

“तीन-दोननं पुढे आहोत. सातवी इनिंग. पावसानं खेळ थांबलाय.”

“मग अजून दोन टाका,” तो म्हणाला. “आम्ही आहोत खाली.”

पावसानं ८६ मिनिटं खाल्ली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे बोस्टनमध्ये सगळ्यांना, सांगलीत फक्त आत्याला. शेवटची इनिंग, दोन बाद, विजय एका स्ट्राइकवर आलेला, आणि जोनाथन पॅपलबनसारख्या खमक्या पिचरला लागोपाठ फटके बसले. शेवटचा फटका डावीकडे खाली खाली येत गेला, १४ कोटी २० लाखांचे क्रॉफर्ड घसरत त्याच्यापर्यंत पोचले आणि चेंडू हातमोज्यात राहिला नाही. तीन-चार मिनिटांत तिकडे टॅम्पानं, जे आधी सात-शून्य असे मागे होते, इव्हान लाँगोरियाच्या होमरनवर आपला सामना जिंकला. टीव्ही बंद करून बाबा म्हणाले, “मेमोची वेळ गेली. आता सस्पेंडच.” दोन दिवसांनी फ्रँकोना गेले. बाबा त्या आठवड्यात घरात जरा जपूनच बोलत होते; आपला शब्द कुठवर पोचतो याची त्यांना धास्ती बसली होती.

आणि मग ऑक्टोबरात कोंबडी सापडली.

‘बोस्टन ग्लोब’नं सविस्तर बातमी छापली. ज्यांची टाकायची पाळी नसे असे काही पिचर, जॉश बेकेट, जॉन लेस्टर आणि लॅकी, सामना चालू असताना आत क्लबहाऊसमध्ये बसून फ्राइड चिकन खायचे, बिअर प्यायचे आणि व्हिडिओ गेम खेळायचे. अख्ख्या शहराच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी वर्ल्ड सिरीज जिंकल्यावरही पाहिलेलं नाही. आता कारण हातात धरता येत होतं. त्याला वास होता. ऑफिसात, बसमध्ये, केस कापायला गेलो तिथं, जो तो “चिकन!” म्हणून मान हलवत होता. चार दिवस पगारी बसवून ठेवलेला माणूस खाईल नाही तर काय करील, हे बाबांनी केव्हाच ताडलं होतं; त्यांना फक्त मेन्यू ठाऊक नव्हता.

त्याच बातमीत आणखी एक बारीक मजकूर होता, तो माझ्या काळजाला भिडला. ऑगस्टमध्ये वादळामुळे एकाच दिवशी दोन सामने खेळावे लागले म्हणून खेळाडू कुरकुरले, तेव्हा मालकांनी प्रत्येकाला ३०० डॉलरचे हेडफोन दिले आणि आपल्या नौकेवर पार्टीला बोलावलं. मीही एक टीम सांभाळतो. सगळे हुशार, सगळे मोठमोठ्या कॉलेजांतले, आणि आमचं सॉफ्टवेअर ठरल्या तारखेला बाहेर पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. आमच्या व्हाइस प्रेसिडेंटनं आम्हाला कॉफीचे मग दिले होते. वर छापलेलं ‘एक टीम’. मगांना कान एकच होता, त्यामुळे सगळ्यांनी एकाच बाजूनं धरायचे, एवढी एकी मात्र तेव्हापासून आली.

पण कोंबडीचं राहिलंच. याच क्लबहाऊसमध्ये १९८० च्या दशकात वेड बॉग्ज नावाचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू होता. तो दर सामन्याआधी कोंबडी खायचा. दर म्हणजे दर. फलंदाजीचा सराव बरोबर ५ वाजून १७ मिनिटांनी, धावण्याचा ७ वाजून १७ मिनिटांनी आणि त्याआधी कोंबडी. १९८४ साली त्यानं कोंबडीच्या पाककृतींचं पुस्तकसुद्धा काढलं. पाच वेळा लीगमध्ये फलंदाजीत पहिला आला, २००५ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि लोकांनी ती कोंबडी शिस्त म्हणून डोक्यावर घेतली. तीच कोंबडी, त्याच इमारतीत, पंचवीस वर्षांनी माजोरीची निशाणी ठरली. कोंबडीच्या बाजूनं बोलणारं कुणीच नव्हतं. बिअरचंही तेच. २००४ च्या त्या ऐतिहासिक विजयानंतर केव्हिन मिलारनं आपण सामन्याआधी क्लबहाऊसमध्ये व्हिस्कीचे घोट फिरवल्याचं हसत हसत सांगितलं होतं, आणि शहरानं लबाड पोर म्हणून त्याचा गालगुच्चा घेतला होता. माझ्या मते जिंकणाऱ्याच्या पोटात जे जातं ते पथ्य आणि हरणाऱ्याच्या पोटात गेलं की तोच पुरावा; डाएटिशियन लोकांनी याचा वेगळा तक्ता करायला हवा.

दुखणं कळलं म्हटल्यावर औषध आलं: बॉबी व्हॅलेंटाइन, नवे मॅनेजर. त्यांनी २०१२ चा सराव सुरू होताच क्लबहाऊसमध्ये बिअर बंद केली. कडक माणूस म्हणून आम्ही खूश. हेच गृहस्थ १९९९ साली न्यूयॉर्क मेट्सचे मॅनेजर असताना अंपायरनं बाहेर काढल्यावर खोटी मिशी लावून परत डगआउटमध्ये येऊन उभे राहिले होते, हे आम्हाला नंतर कळलं. शिवाय पोळीत सारण गुंडाळून खायचा शोध आपणच आपल्या हॉटेलात लावला असा त्यांचा दावा आहे. हे ऐकून बायको म्हणाली, “आणि माझी आजी चाळीत डब्याला गुळतूप-पोळीची सुरळी द्यायची, ती काय यांना विचारून?”

बिअर सुटली आणि टीम आणखी हरायला लागली. २० एप्रिलला फेनवे पार्क मैदानाची शंभरी साजरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी यांकीजविरुद्ध नऊ-शून्य अशी आघाडी घेऊन यांनी सामना पंधरा-नऊनं घालवला. शुद्ध पाण्यावर. व्हॅलेंटाइननी केव्हिन यूकिलिस या जुन्या खेळाडूचं मन खेळात राहिलं नाही असं जाहीरपणे बोलून दाखवलं, तर बाकीचे मॅनेजरवरच फिरले. मे महिन्यात बेकेटचा एक सामना पाठीचा स्नायू दुखतो म्हणून टळला आणि साहेब दुसऱ्या दिवशी गोल्फ खेळताना आढळले. पत्रकारांनी छेडलं तर म्हणाला, वर्षाला १८ सुट्ट्या मिळतात, त्या कशा घालवायच्या ते मी ठरवीन. मला वाटलं बाबा पुण्यातून पेटतील. फोनवर थोडा वेळ शांतता होती.

“अठराच?” ते म्हणाले. “अर्जित रजा धरून?”

“हो, बाबा.”

“बिचारा. युनियन नाही का त्यांची?”

आहे, आणि भलतीच तगडी आहे, पण मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांची वीज मंडळावरची निष्ठा ढळली असती.

ऑगस्टात मालकांनी बेकेट, क्रॉफर्ड, गोन्झालेझ आणि जोडीला निक पुंटो अशी चौकडी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या गळ्यात घातली, २५ कोटी डॉलरहून जास्त देणं त्यांच्यासकट. सीझन ६९ विजय आणि ९३ पराभवांवर संपला, विभागात शेवटून पहिले. दुसऱ्या दिवशी व्हॅलेंटाइन घरी.

आता २०१३. नवे मॅनेजर जॉन फॅरेल. फार गाजावाजा नसलेले, मध्यम पगाराचे काही खेळाडू आणले. त्यांतल्या जॉनी गोम्स आणि माइक नॅपोलीनं सरावापासून दाढ्या वाढवायला सुरुवात केली, बाकीच्यांनी पाहून पाहून वाढवल्या, आणि होमरन मारला की एकमेकांच्या दाढ्या ओढायच्या अशी चाल पडली. एप्रिलमध्ये मॅरेथॉनच्या वेळी शहरात बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर त्या टीमकडे लोक ज्या मायेनं बघत होते त्याची टिंगल मला करवत नाही. टीम जिंकत गेली. शेवटची इनिंग सांभाळायला ठेवलेले दोन पिचर जायबंदी झाले म्हणून जपानच्या कोजी उएहाराकडे चेंडू आला, तर त्यानं ओळीनं ३७ फलंदाज बाद केले. ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज, आणि १९१८ नंतर पहिल्यांदाच घरच्या मैदानावर.

ती जिंकून कुणी दिली? पहिला आणि पाचवा सामना लेस्टरनं, शेवटचा लॅकीनं. कोंबडी प्रकरणातले आरोपी क्रमांक दोन आणि तीन. मधल्या काळात लॅकीच्या कोपराचं ऑपरेशन झालं होतं आणि २०१२ चा अख्खा सीझन तो विश्रांतीवर होता. बायको पोळ्या करत होती. तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, एवढंच विचारलं, “कोपर सगळ्यांनाच असतो ना?”

शहराला मात्र कोपर नको होता. शहराला दाढी हवी होती. दाढीनं एकी आली, दाढीनं मर्दानगी आली. आमच्या ऑफिसात सहा जणांनी दाढ्या वाढवल्या. मी वाढवली तर बिल्डिंगच्या गेटवर माझं ओळखपत्र दोनदा तपासलं गेलं. ब्लेडवाल्या जिलेटचं मुख्य ठाणं बोस्टनमध्येच. त्यांनी हा अपमान सहा महिने सोसला आणि सिरीज संपताच रेड सॉक्सच्या डेव्हिड ऑर्टिझची दाढी धर्मादाय कामासाठी समारंभपूर्वक उतरवली. २०१४ ला रेड सॉक्स परत शेवटून पहिले. शेवटचे, जगज्जेते, शेवटचे असा प्रवास करणारी ही पहिलीच टीम. शेजारच्या आजोबांनी ऑर्टिझच्या दाढीचं नाव घेतलं आणि सूचक पाहिलं.

खरी कमाल २०१६ ला झाली. शिकागो कब्ज १०८ वर्षांचा दुष्काळ फोडायला निघाले होते. त्यांचे प्रेसिडेंट थिओ एपस्टाइन, २०११ ला रेड सॉक्स चालवणारे. त्यांचे पिचर लेस्टर आणि लॅकी. समोर क्लीव्हलंड, मॅनेजर कोण? टेरी फ्रँकोना, अजून हसतच होते. सातवा सामना, कब्जनी आघाडी घालवलेली, नऊ इनिंगला बरोबरी, आणि पाऊस. सतरा मिनिटं खेळ थांबला. तेवढ्यात जेसन हेवर्डनं, जो १८ कोटी ४० लाखांच्या करारावर वर्षभर बॅटनं गप्पच होता, सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत गोळा करून चार शब्द सुनावले. दहाव्या इनिंगला कब्ज जिंकले.

त्याच आठवड्यात आमच्या व्हाइस प्रेसिडेंटनं दर सोमवारी सतरा मिनिटांची मीटिंग लावली. पहिल्या मीटिंगला पाऊण तास झाला, कारण सतरा मिनिटांचं महत्त्व सांगणाऱ्या स्लाइड्सच बावीस होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, “सर, २०११ ला बाल्टिमोरलाही पाऊस पडला होता. तिथं तर बोलायला ८६ मिनिटं मिळाली होती.”

त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना म्हणाले, “बघा, म्हणूनच मीटिंग छोटी हवी.”